कांजूरमार्गच्या लोकलला १५०० ऐवजी २५,००० व्होल्ट का लागले?

कांजूरमार्ग स्टेशनात रुळांच्या वर जी तार दिसते, तिच्यात २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो. (हा एसी म्हणजे गारेगार डब्यांचा एसी नव्हे, अल्टरनेटिंग करंट.) २०१५ च्या आधी इथे १५०० व्होल्ट डीसी वापरात होता.

देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, ती १५०० व्होल्टवरच. पुढे १९५७ मध्ये रेल्वेने देशभरासाठी २५,००० व्होल्ट एसी निवडलं. मुंबईची लोकल मात्र जुन्याच पद्धतीवर राहिली.

यात अडचण काय होती? समजा, गाडीला ३००० किलोवॅट वीज हवी आहे. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर करंट लागतो. २५,००० व्होल्टवर साधारण १२० अँपिअर पुरतो. करंट दुप्पट झाला की तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणून डीसीसाठी जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागत. जास्त डब्यांच्या, जास्त गाड्या चालवायच्या तर ही व्यवस्था अपुरी पडणार हे उघड होतं.

जुना ट्रॅक्टर ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर नेण्यामागेही हेच गणित आहे. पण ट्रॅक्टर चार दिवस गोठ्याशेजारी उभा ठेवता येतो. लोकल कशी थांबवणार? त्यामुळे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आधी आणल्या गेल्या आणि मार्ग टप्प्याटप्प्याने बदलले. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये. शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. हार्बर मार्गावर, म्हणजे जिथून १९२५ मध्ये सुरुवात झाली होती तिथेच!

खरी डोकेदुखी जुन्या, बुटक्या पुलांची होती. व्होल्टेज वाढलं की तार आणि पूल यांच्यात जास्त मोकळी जागा लागते, नाहीतर वीज हवेतून उडी मारते.

टपावर चढणाऱ्यांसाठीही धोका तोच आहे. १५०० व्होल्टही जीवघेणेच होते, पण २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ जाणं पुरेसं असतं. रेल्वेचा नियम तारेपासून किमान २ मीटर लांब राहण्याचा आहे. सेल्फी स्टिक, छत्री, लांब पाइप उंच धरणाऱ्यांनाही तो लागू होतो.