अ‍ॅस्पर्गर : एका निदानाची कुळकथा

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून एका वडिलांनी डॉ. लिओ कॅनर यांना ३३ टंकलिखित पानांचं पत्र धाडलं. मुलगा डॉनल्ड, वय पाच. गोल वस्तू दिसली की गरगर फिरवत बसायचा. स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणायचा. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या कॅनरांनी अशा ११ मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझमचं निदान आकाराला आलं.

पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चार मुलग्यांचं वर्णन केलं. हे घडाघडा बोलत, तेही मोठ्यांसारखं. सवंगड्यांत मात्र मिसळत नसत. लेख जर्मन, काळ महायुद्धाचा. इंग्रजी जगात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

ती १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी घ्यायला लावली. या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ स्वतः ऑटिस्टिक मुलीची आई. बोलती मुलं निदानातून सुटू नयेत म्हणून त्यांनी ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव पुढे आणलं. वेगळी भिंत उभारणं हा त्यांचा हेतू नव्हता. ही सगळी मुलं त्यांना एकाच पटावर दिसत होती.

भिंत उभी राहिलीच. १९९४ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेनं, डीएसएम-४ नं, अ‍ॅस्पर्गरचा वेगळा कप्पा केला. मूल दोन वर्षांपर्यंत शब्द आणि तीनपर्यंत छोटी वाक्यं बोलायला हवं, ही मुख्य अट. कुठेच न बसणाऱ्यांसाठी ‘पीडीडी-एनओएस’ हा कप्पा होताच. पण २०१२ च्या एका अभ्यासात निदान करणारी १२ केंद्रं ताडून पाहिली, तेव्हा मुलाला कोणतं नाव मिळतं हे त्याच्या लक्षणांपेक्षा केंद्रावर अधिक ठरतं, असं दिसलं. २०१३ च्या डीएसएम-५ नं हे कप्पे मोडून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ हे एकच निदान ठेवलं. २०१८ मध्ये तर अ‍ॅस्पर्गर यांनी मुलांना नाझींच्या ‘श्पीगेलग्रुंड’ या मृत्युकेंद्राकडे पाठवल्याचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले.

नाव गेलं म्हणून मुलांमुलांतला फरक पुसला गेला नाही. एकच निदान देतानाही भाषा किती, बुद्धीची अडचण आहे का, संवादात आणि ठरावीक वागण्यात आधार किती लागतो, हे वेगवेगळं नोंदवायचं असतं. जुन्या फायलीवर ‘अ‍ॅस्पर्गर’ लिहिलेलं असेल, तर पालकांनी त्या नावात अडकू नये. या नोंदी मागून घ्याव्यात. शाळेत कोणती मदत मागायची, हे त्याच सांगतात.