शब्द एक, अर्थ अनेक

वऱ्हाडातील कॅथोलिक धर्मकार्याच्या इतिहासात तीन भाषा एकमेकींना भेटल्या. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि वरिष्ठ कचेऱ्यांत इंग्रजीचा अंमल सुरू झाला. लोकांच्या घरची व शेतावरची भाषा अर्थातच मराठी. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हा त्याची धुरा संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या मिशनरी संघाने वाहिली. फादर पियेर मेर्मिए यांनी १८३८ साली सॅव्हॉय प्रांतातील आनसी येथे हा संघ स्थापन केला होता. साहजिकच त्यातील आरंभीच्या धर्मगुरूंची भाषा फ्रेंच होती. पुढे १९५५ साली अमरावती धर्मप्रांत निराळा झाला आणि बुलढाणा जिल्हा त्यात समाविष्ट झाला.

अशा मुलखात इंग्रजी कागद हाती घेऊन त्याचा आशय फ्रेंचमध्ये सांगू पाहणाऱ्यापुढे कोणता प्रश्न उभा राहतो? कठीण शब्दांना कोश असतो. खरी अडचण येते ती सोप्या शब्दांची, कारण एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात अनेक अर्थ नांदत असतात आणि फ्रेंच भाषा त्यांना निरनिराळी नावे देते.

आपल्या जिल्ह्याच्या नद्यांचेच उदाहरण घेऊ. इंग्रजीला सर्व नद्या सारख्याच; तिच्यापाशी त्यांच्यासाठी ‘रिव्हर’ हा एक शब्द आहे. फ्रेंच मात्र विचारते, ही नदी कोठे जाऊन मिळते? समुद्राला मिळणारी ती ‘फ्लव्ह’, दुसऱ्या नदीला मिळणारी ती ‘रिव्हिएर’. जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणारी पूर्णा तापीला मिळते. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळते व तिचे पाणी प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत जाते. म्हणजे एकाच जिल्ह्याचे पाणी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर अशा दोन्ही दिशांना जात असले, तरी फ्रेंच माणसाच्या लेखी पूर्णा व पैनगंगा या दोन्ही ‘रिव्हिएर’च. ‘फ्लव्ह’ हा मान तापीचा आणि गोदावरीचा. नदीचा शेवट ठाऊक नसेल, तर हा साधा शब्दही अनुवादकाला अचूक लिहिता येत नाही.

‘नो’ या इंग्रजी क्रियापदाची गोष्ट अधिक अंतर्मुख करणारी आहे. फ्रेंचमध्ये एखादी गोष्ट माहीत असणे म्हणजे ‘सावोआर’ आणि एखाद्याशी ओळख असणे म्हणजे ‘कोनेत्र’. हा भेद मराठी माणसाला परका वाटणार नाही. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील उत्तरे पाठ असणारे मूल देवाविषयी पुष्कळ जाणते. परंतु त्याची देवाशी ओळख झाली आहे की नाही, हा प्रश्न निराळाच. इंग्रजी वाक्यात हे दोन्ही अर्थ एका शब्दाआड राहू शकतात. फ्रेंच आणि मराठीत निवड करावीच लागते.

संबोधनाची कथाही अशीच आहे. आजच्या बोलीतील इंग्रजी ‘यू’ लहानाला, थोराला, एकाला व अनेकांना सारखेच चालते. फ्रेंचमध्ये जवळच्यासाठी ‘त्यू’ आणि आदरासाठी किंवा अनेकांसाठी ‘वू’ आहे. फ्रेंच कॅथोलिक भाविक प्रभूच्या प्रार्थनेत पित्याला दीर्घकाळ आदरार्थी ‘वू’ म्हणत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ साली, इतर ख्रिस्ती पंथांसह स्वीकारलेल्या समान पाठात ‘त्यू’ आले. एका सर्वनामाच्या बदलाने देवापुढे उभे राहण्याची रीतच बदलल्यासारखे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. आपण मराठीत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, पण स्वर्गातील पित्याला ‘तू’ म्हणतो. ही जवळीक आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक निवड आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

हा प्रश्न केवळ प्रार्थनेपुरता नाही. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पश्चिम आशियातील युद्धासंबंधी २४२ क्रमांकाचा ठराव संमत केला. त्याचा मसुदा ब्रिटनने इंग्रजीत मांडला होता. इस्राएली सैन्याने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी, असे त्यात म्हटले. परंतु ‘प्रदेश’ या शब्दापूर्वी निश्चित उपपद नव्हते. त्यामुळे काही प्रदेश की सर्व, हे मोघम राहिले. फ्रेंच पाठात ‘दे’ असा शब्द आला. त्यात निश्चित उपपद मिसळलेले असल्याने ‘ते सर्व प्रदेश’ असा अर्थ निघू लागला. या दोन पाठांवरून मुत्सद्दी आणि कायदेपंडित आजही वाद घालतात. मराठीत अशी उपपदे नाहीत. म्हणून ‘व्याप्त प्रदेशांतून’ हा आपला अनुवाद इंग्रजीइतकाच मोघम राहतो. संदिग्धता कधी अज्ञानाने येते, तर कधी तडजोडीसाठी हेतुपुरस्सर ठेवलेली असते. अनुवादकाने ती मिटवली, तर त्याने मूळ लेखकाच्या वतीने निर्णय दिल्यासारखे होते.

म्हणूनच अनुवाद हे केवळ कोश उलगडून करण्याचे काम नव्हे. शब्द कोणी उच्चारला, कोणासाठी उच्चारला आणि त्याची वाट कोठे जाते, हे विचारल्यावाचून लेखणी उचलू नये. आपल्या धर्मग्रामात एखादे पत्रक, एखादी प्रार्थना किंवा प्रवचन इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांच्यावर हीच जबाबदारी असते. त्यांनी निवडलेल्या शब्दांनीच उद्या आपली मुले प्रार्थना करतील.