गजकाठीपासून संगणकापर्यंत: सुताराचा आराखडा कोणाच्या हाती?

१/ चिखली, मलकापूर, खामगाव, मेहकर. बुलढाणा जिल्ह्यातील अशा बाजारगावांत मागणीबरहुकूम कपाटे आणि स्वयंपाकघराचे फर्निचर करून देणाऱ्या छोट्या कारखान्यांपुढे आज एक प्रश्न आहे: आराखड्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्न नवा दिसतो. पण आराखडा कोण काढतो, तो कोणाला वाचता येतो आणि अखेर कोणाजवळ राहतो, हा त्याचा गाभा बराच जुना आहे. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. सूत्र म्हणजे आखणीची दोरी. वऱ्हाडात सुताराला ‘वाढई’ असेही म्हणतात. जुन्या सूत्राची खूण लाकूडकामाच्या भाषेत अजून टिकून आहे: एका इंचाचे आठ सूत. ‘दोन फूट तीन सूत’ हे माप आजही कारागिराच्या तोंडी सहज येते.

३/ गावगाड्यात सुतार हा थोरल्या कासेचा बलुतेदार होता. त्याला प्रत्येक वस्तूचे दाम मिळत नसे. वर्षभर शेतकऱ्याची औजारे घडवायची आणि दुरुस्त करायची. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. तिच्यात जातीची बांधिलकी होती, विषमता होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

४/ या व्यवस्थेत कागदावरचा आराखडा मात्र जवळजवळ नव्हता. वखर, तिफण, डवरा, बंडी यांची प्रमाणे बापाकडून मुलाकडे हातोहात जात. काळ्या जमिनीत वखर कसा चालतो, हे करणारा आणि वापरणारा दोघेही जाणत. वस्तूचा घाट दोघांच्याही स्मरणात असेल, तर तो कागदावर उतरवण्याची गरज पडत नाही.

५/ घरातही तसेच. सामान ठेवायला भिंतीतला कोनाडा, फडताळ, पेटी, उतरंड. आज आपण ज्याला ‘कपाट’ म्हणतो, त्या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ ‘दाराची फळी’ असा आहे. विदर्भात रुळलेला ‘आलमारी’ हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आला. शब्द बाहेरून आले, अर्थ बदलले, कारण वस्तूच नवी होती.

६/ १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. कापसाच्या व्यापारासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. नव्या राजवटीबरोबर कचेऱ्या, शाळा, स्थानके आली आणि त्यांना मेज, खुर्च्या, दप्तराची कपाटे लागू लागली. ही गावाच्या ओळखीची वस्तू नव्हती. करणारा एक, ठरवणारा दुसरा, वापरणारा तिसरा. या तिघांना जोडायला कागद लागतो.

७/ युरोपात हे अंतर आधीच पडले होते. लंडनच्या थॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये फर्निचरच्या आकृत्यांचे पुस्तक छापले आणि त्याच्या घाटाच्या खुर्च्या दूरदूरचे कारागीर करू लागले. फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने घनवस्तू सपाट कागदावर अचूक मांडण्याची भूमिती विकसित केली. ती काही काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली. एकाने आराखडा विकला, दुसऱ्याचा आराखडा राज्यसत्तेने दडवला. दोन्हीकडे सत्ता आराखड्याचीच होती.

८/ आराखडा आला की मापाचा प्रश्न येतो. गजाचे २४ तसू. पण मुंबईकडचा गज साधारण २७ इंचांचा, तर बंगालचा ३६ इंचांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी संसदेने दशमान मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. राज्य बदलले, कायदा बदलला. सुताराच्या टेपवर मात्र इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी राहिले.

९/ दरम्यान सुताराचे गिऱ्हाईकही बदलले. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे बाजारात आली. तयार कपाट स्वस्त पडू लागल्यावर सुताराकडे उरली ती खास ताकद: या भिंतीला, या कोपऱ्याला, या घराला नेमके बसेल असे काम. पुढे प्लायवूड आले आणि युद्धोत्तर जर्मनीत रुजलेली ३२ मिलिमीटर पद्धतही आली. तिच्यात कपाटाच्या बाजूंना ३२ मिलिमीटर अंतराने भोके पाडतात आणि बिजागरी, फळ्या, खण त्याच हिशेबाने बसतात. चूक लपवायला रंधा आता पुरेना.

१०/ संगणकावरील रेखनाची सुरुवात १९६३ ची. अमेरिकेतील एमआयटीचा विद्यार्थी आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमात प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेषा काढून दाखवल्या. त्यासाठी लागणारे यंत्र खोलीभर होते. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ने ही सोय वैयक्तिक संगणकावर आणली. त्याच्याबरोबर आलेले ‘डीएक्सएफ’ हे फाइलचे स्वरूप आजही कापणीची यंत्रे वाचतात.

११/ छोट्या कारखान्याला जवळचे वाटले ते २००० मध्ये आलेले ‘स्केचअप’. त्यावर त्रिमितीय चित्र शिकायला सोपे. गूगलने २००६ मध्ये ते विकत घेतले आणि त्याची मोफत आवृत्ती खुली केली. २०१२ मध्ये ते ट्रिंबल कंपनीकडे गेले. संगणकावर उतरवून घेण्याची मोफत आवृत्ती २०१७ वर थांबली आणि २०२० च्या अखेरीस एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय संपली. ऑटोडेस्कने तशा परवान्यांची विक्री २०१६ मध्येच बंद केली होती. यापुढे वर्षाचे भाडे.

१२/ दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीकॅड’ची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ते शिकायला कठीण, पण त्याला भाडे नाही. तिसरी वाट ‘कॅबिनेट व्हिजन’सारख्या, केवळ कपाटांसाठी बनलेल्या कार्यक्रमांची: काम वेगाने होते, खर्च मोठा. मग निवड कशी करावी? इतिहासातूनच तीन कसोट्या निघतात.

१३/ पहिली कसोटी मापाची. प्लायची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे साधारण २४४० बाय १२२० मिलिमीटर. आठ फुटांत दोन फुटांचे चार तुकडे निघायला हवेत, असे मन म्हणते. पण करवतीचे पाते दर कापाला सुमारे ३ मिलिमीटर खाते. ६०९.६ चे चार तुकडे आणि तीन काप मिळून २४४७ च्या वर जातात. चौथा तुकडा आखूड पडतो. तोच तुकडा ६०० मिलिमीटरचा धरला, तर २४०९ मध्ये चारही बसतात. पात्याची जाडी धरून कटिंग लिस्ट देणारे साधन इथे शीट वाचवते. स्केचअपला जोडता येणारे ‘ओपनकटलिस्ट’ हे मुक्त साधन हे काम करते. पण ते ब्राउझरमधल्या मोफत स्केचअपवर चालत नाही, हे आधी जाणून घ्यावे.

१४/ दुसरी कसोटी बदलाची. ६०० मिलिमीटर रुंद कपाटाच्या बाजू १८ मिलिमीटरच्या असतील, तर आतली फळी ५६४ ची. बाजारातून आलेली शीट प्रत्यक्षात १७ भरली, तर फळी ५६६ ची हवी. एक जाडी बदलताच सारी मापे आपोआप बदलतात, की प्रत्येक फळी हाताने पुन्हा आखावी लागते? फ्रीकॅडमध्ये मापे एकमेकांना सूत्रांनी बांधता येतात. स्केचअपमध्ये साध्या चित्राला ते जमत नाही. त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. वर्षाला चार कपाटे करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. रोज कपाट कापणाऱ्याला जाणवेल.

१५/ तिसरी कसोटी सुटकेची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. भाडे भरणे थांबले, वा कंपनीने धोरण बदलले, तर पाच वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाईकाचे स्वयंपाकघर पुन्हा उघडता येईल का? चाचणी सोपी आहे. आपलेच एक पूर्ण झालेले कपाट नव्या कार्यक्रमात काढावे, त्याची डीएक्सएफ आणि पीडीएफ प्रत करावी आणि ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या कार्यक्रमात उघडून मापे ताडून पाहावीत. हे पैसे भरण्याआधी करावे. इंटरनेट बंद करूनही एकदा काम करून पाहावे.

१६/ पूर्वी गाव सुताराला वर्षाचे बलुते देई. आता सुतार दूरच्या कंपनीला वर्षाचे बलुते देतो. मिळणारी सोय खरी असेल, तर त्यात कमीपणा नाही. पण बलुत्याच्या काळातही घाट सुताराच्या हातात होता. बलुते थांबले तरी वखर कसा घडवायचा, हे तो विसरत नसे. सॉफ्टवेअर कोणतेही घ्यावे, एवढे मात्र सांभाळावे: भाडे थांबले तरी आराखडा कारखान्यातच राहिला पाहिजे.