सर्व्हर बंद पडला तरी फाइल्स मिळत राहतात, त्या कशा? नॅस, व्हॉल्यूम मॅनेजर आणि क्लस्टर म्हणजे काय?

भडगावमधल्या एखाद्या फोटो स्टुडिओची कल्पना करा. लग्नसराई सुरू आहे. एका लग्नाचं शूटिंग १०० जीबीच्या आसपास जातं आणि एडिटिंगला तीन कॉम्प्युटर आहेत. पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. अशात एक हार्ड डिस्क टिकटिक करत बंद पडते. हळद पुन्हा लागत नाही आणि सप्तपदीचा रिटेक नसतो. ग्राहकाला काय सांगायचं, हा खरा प्रश्न.

यावरचा पहिला उपाय म्हणजे नॅस, म्हणजेच नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज.

नॅस म्हणजे नेमकं काय?

दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्क बसवलेला हा छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याला स्क्रीन लागत नाही, नेटवर्कची केबल लागते. ऑफिसमधल्या सगळ्यांना तो एक सामायिक फोल्डर देतो. विंडोजसाठी एसएमबी आणि लिनक्स-युनिक्ससाठी एनएफएस हे त्याचे नेहमीचे मार्ग. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. ते आजही वापरात आहे.

डिस्क कशा लावायच्या, हे ‘रेड’ ठरवतं. ४ टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या लावल्या तर वापरायला ४ टीबीच मिळतात, पण एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. चार डिस्क रेड-५ मध्ये लावल्या तर १२ टीबी मिळतात आणि इथेही एकच डिस्क गेलेली चालते.

नॅस घेतल्यावर बहुतेकांची पहिली तक्रार वेगाची असते आणि दोष अनेकदा जुन्या स्विचचा निघतो. १०० मेगाबिटच्या स्विचवर १०० जीबी कॉपी व्हायला अडीच तास लागतात. गिगाबिट स्विचवर तेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

मग व्हॉल्यूम मॅनेजर कशाला?

व्हॉल्यूम मॅनेजर वेगवेगळ्या डिस्कची जागा एकत्र करतो आणि हवे तसे वाटे पाडतो. शेजारची दोन-तीन शेतं एकत्र करून गरजेप्रमाणे बांध हलवावेत, तसं. जागा कमी पडली तर नवी डिस्क जोडायची आणि व्हॉल्यूम वाढवायचा. बहुतेक वेळा काम थांबवावं लागत नाही. लिनक्समध्ये हे काम एलव्हीएम करतं. मोठ्या बँका आणि टेलिकॉम कंपन्यांमध्ये ‘व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजर’ हे जुनं नाव आहे.

या नावाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेतल्या व्हेरिटास कंपनीचं मोठं संशोधन केंद्र पुण्यात होतं आणि तिथल्या इंजिनिअर्सनी वर्षानुवर्षं स्टोरेज आणि क्लस्टरच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. २००५ मध्ये सिमँटेकने व्हेरिटास विकत घेतली, २०१६ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा बॅकअपचा व्यवसाय कोहेसिटीत विलीन झाला. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘द्रुवा’चे संस्थापकही आधी व्हेरिटासमध्येच होते. पुण्याचं नाव आयटी पार्कमुळे घेतलं जातं, पण डेटा साठवण्याच्या या विद्येत ते बरंच आधीपासून आहे.

घोळ कुठे होतो?

नॅस आणि व्हॉल्यूम मॅनेजर एकत्र लावताना नवखे इथेच अडकतात. व्हॉल्यूम मॅनेजरला कोरी डिस्क लागते. नॅस मात्र तयार फोल्डर देतो. आत डिस्क कशा आहेत, ते बाहेरच्या सर्व्हरला दिसतच नाही. त्यामुळे एनएफएसच्या फोल्डरवर सर्व्हरमधून एलव्हीएम लावायला गेलं तर काही हाती लागत नाही.

मार्ग दोन. एक म्हणजे वाटे नॅसच्या आतच पाडायचे आणि सर्व्हरने फक्त फोल्डर वापरायचा. दुसरा म्हणजे नॅसकडून आयस्कझी पद्धतीने जागा घ्यायची. मग नेटवर्कवरून आलेली ती जागा सर्व्हरला साध्या डिस्कसारखी दिसते आणि तिच्यावर एलव्हीएम चालतं. पण त्या जागेचा मालक आता सर्व्हर असतो. त्यातले फोटो नॅसच्या मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत. स्टुडिओला पहिला मार्ग पुरतो.

क्लस्टर आणि ‘दोन डोकी’

क्लस्टर म्हणजे एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. दोघं एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा निरोप पाठवतात. या निरोपाला हार्टबीट म्हणतात. निरोप थांबला की दुसरा समजतो, पहिला गेला.

पण पहिला जिवंत असेल आणि फक्त मधली केबल निघाली असेल तर? दोघंही स्वतःला मालक समजून एकाच डिस्कवर लिहू लागतात. एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता नोंदी करतायत, असा प्रकार. काही मिनिटांत फाइल सिस्टिमची वाट लागते. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. डिस्क बिघडण्यापेक्षा हे वाईट, कारण सगळी यंत्रं ठणठणीत असतात आणि डेटाच गेलेला असतो.

म्हणून मतदान ठेवतात. दोन सर्व्हरमध्ये बहुमत होऊ शकत नाही, त्यामुळे तिसरं मत लागतं. ते तिसऱ्या छोट्या मशीनचं असू शकतं किंवा सामायिक डिस्कचं. शिवाय ‘फेन्सिंग’ असतं. काम हातात घेण्याआधी नव्या सर्व्हरने जुन्याची वीज तोडायची किंवा स्टोरेजला सांगायचं की त्याला आत घेऊ नको. लिनक्सच्या दुनियेत याचं नाव ‘स्टोनिथ’ आहे. त्याचा अर्थ, समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला! नाव क्रूर आहे, पण ही पायरी त्रासदायक वाटते म्हणून बंद ठेवणारे नंतर पस्तावतात.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. दोन सर्व्हर लावले, पण दोघांखाली नॅस एकच असेल तर तो पडल्यावर दोघंही बसून राहतात. काही कंपन्यांचे दोन नॅस जोडीने चालतात, खर्च मात्र साधारण दुप्पट होतो.

मग स्टुडिओने काय करावं?

क्लस्टर नको. तासभर काम थांबलं तर चालतं, फोटो गेले तर चालत नाही. आरसा लावलेल्या दोन डिस्कचा नॅस, वीज गेल्यावर नीट बंद होईल असा यूपीएस आणि आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन घरी. रेड म्हणजे बॅकअप नाही, कारण चुकून डिलीट केलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी जाते.

बँक, हॉस्पिटल किंवा ऑनलाइन दाखले देणाऱ्या यंत्रणेचं गणित वेगळं असतं. तिथे क्लस्टर हवंच आणि लावल्यावर एका सर्व्हरची केबल मुद्दाम काढून बघावी लागते. दुसरा किती सेकंदांत उभा राहतो, ते तेव्हाच कळतं.