हायड्रॉलिक क्लच : घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती

कल्याणहून मुरबाड, सरळगाव मागे टाकून माळशेजच्या दिशेने निघालेल्या वाहनाला घाटापूर्वी लागणाऱ्या गावांपैकी टोकावडे हे एक महत्त्वाचे गाव. टोकावड्यापुढे वैशाखरे, डाव्या-उजव्या हाताला भातखाचरे आणि समोर सह्याद्रीची भिंत. पूर्वी २२२ आणि आता ६१ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या राष्ट्रीय महामार्गावर पावसाळ्यातील शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या मोटारींची रीघ लागते. एरवी याच रस्त्यावरून भाजीचे टेम्पो कल्याणच्या बाजाराकडे जातात आणि अडल्यानडल्या वेळी वाड्या-पाड्यांवरचा रुग्ण एखाद्या जीपमधून मुरबाडला नेला जातो. अशा ठिकाणी क्लचचे पेडल अचानक तळाला जाऊन तेथेच बसले, तर होणारी अडचण केवळ सहलीचा विरस होण्याइतकी नसते.

समाधानाची बाब अशी, की हायड्रॉलिक क्लच सहसा पूर्वसूचना दिल्यावाचून निकामी होत नाही. शिवाय त्यातील निम्म्याअधिक बिघाडांचे निदान, आणि काहींची दुरुस्तीही, घराच्या अंगणात होऊ शकते. त्यासाठी लागते ती यंत्रणेची नेमकी समज आणि थोडा धीर.

जुन्या मोटारींत पेडलपासून क्लचपर्यंत सळ्यांची किंवा तारेची जोडणी असे. मारुती ८०० ची क्लच केबल तुटल्याचा अनुभव एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात असेल. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या वाहनांत तारेची जागा द्रवाने घेतली. पेडल दाबले की वरच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि द्रव नळीवाटे गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलला जातो. तेथील दट्ट्या आपल्या दांड्याने काटा रेटतो, काटा रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना दाबते. क्लच प्लेट मोकळी होऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम या साऱ्याच्या मुळाशी आहे.

या यंत्रणेत हवेचा एक बुडबुडा किती घात करतो, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. मास्टरच्या दट्ट्याचा व्यास १६ मि.मी. आणि स्लेव्हचा २० मि.मी. आहे असे उदाहरणादाखल धरू. पेडल पूर्ण दाबल्यावर मास्टरचा दट्ट्या २५ मि.मी. सरकला, तर सुमारे ५ घन सेंटिमीटर द्रव पुढे जातो आणि स्लेव्हचा दट्ट्या १६ मि.मी. बाहेर येतो. आता नळीत अवघी १ घन सेंटिमीटर हवा शिरली आहे असे समजा. द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. पेडलच्या श्रमातील तेवढा भाग हवा दाबण्यातच खर्च होतो आणि स्लेव्हचा प्रवास ३ मि.मी.ने घटतो. एवढ्यानेही प्लेट पुरती सुटत नाही, गिअर खरखरतो आणि चालक गिअरबॉक्सला दोष देऊ लागतो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे क्लच ‘सुटत नाही’ की ‘घसरतो’, हे वेगळे ओळखणे. या दोन तक्रारींची बऱ्याचदा सरमिसळ होते. इंजिन सुरू असताना पेडल तळापर्यंत दाबूनही पहिला किंवा मागचा गिअर पडताना दात घासल्याचा आवाज येत असेल, अथवा गिअर टाकताच गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर क्लच सुटत नाही. याउलट चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, ही घसरण्याची लक्षणे होत. पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा द्रवयंत्रणेत, तर दुसरीचे झिजलेल्या किंवा तेलकट झालेल्या प्लेटमध्ये असते. याला एक अपवाद आहे, त्याचा विचार पुढे येईल.

क्लच सुटत नसल्यास बॉनेट उघडून प्रथम द्रवाची पातळी पाहावी. येथे ब्रेक आणि क्लच यांतील एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ब्रेकचे पॅड झिजतात तशी त्याच्या टाकीतील पातळी खाली जाते. क्लचची प्लेट झिजते तेव्हा आपोआप जुळवून घेणाऱ्या यंत्रणेत स्लेव्हचा दट्ट्या मागे ढकलला जातो आणि पातळी उलट किंचित वर येते. म्हणजे क्लचची स्वतंत्र टाकी रिकामी होत असेल, तर कोठेतरी गळती आहेच. नुसती भर घालून निघून जाणे म्हणजे दुखणे लांबणीवर टाकणे होय. अनेक गाड्यांत दोन्हींना एकच टाकी असते. अशा टाकीत क्लचकडे जाणारे तोंड सामान्यतः उंचावर ठेवलेले असते, जेणेकरून क्लचची गळती झाली तरी ब्रेकसाठी द्रव शिल्लक राहावा. अशा गाडीत क्लच ‘गेला’, तर ब्रेकचीही तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे.

गळती शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पेडलच्या वर, दांडा जेथे मास्टरमध्ये शिरतो तेथे बोट फिरवून पाहावे. चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला असणे ही त्याचीच खूण. नंतर गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरवरील रबरी टोपी हलकेच बाजूला करावी. आत ओल दिसली, तर स्लेव्हचे वायसर गेले असे समजावे. मधल्या रबरी नळीला भेगा किंवा फुगवटा आहे का, तेही पाहावे. सापडलेले थेंब कशाचे, हा प्रश्न उरतो. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असते, जुने झाल्यावर तपकिरी होते, पाण्यात मिसळते आणि रंगाचा थर उचकटते. इंजिन ऑइल चिकट असून पाण्यात मिसळत नाही.

बाहेर कोठेच गळती नाही, तरीही पेडल नरम आहे, असेही पुष्कळदा घडते. अशा वेळी पेडल भरभर चार-पाच वेळा दाबावे. त्याने जोर आला, तर यंत्रणेत हवा असण्याचा संभव अधिक. पण पेडल झटक्यात दाबल्यास काम होते आणि अगदी सावकाश दाबल्यास ते विरोधाविना खाली जाते, असे आढळल्यास मास्टरमधील वायसर आतल्या आत द्रव मागे सोडत आहे, असा निष्कर्ष निघतो. गर्दीत पाय दाबून थांबलेली गाडी काही सेकंदांनी हळूच पुढे सरकू लागते, ती याच कारणाने. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेच्या काळात रांगेत खोळंबलेल्या वाहनात हा दोष उघडा पडला, तर पुढच्या वाहनाला धडक बसायला वेळ लागत नाही.

शेवटची आणि सर्वांत निर्णायक चाचणी दोघांनी करायची. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पाहावे. प्रवास गाडीच्या पुस्तिकेत दिल्याइतका भरत असूनही गिअर खरखरत असेल, तर दोष प्लेट, प्रेशर प्लेट किंवा बेअरिंगमध्ये आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते काम गॅरेजचेच. प्रवास अपुरा असेल, तर दोष द्रवयंत्रणेत आहे. एवढी एक चाचणी न करता धडधाकट प्लेट बदलून घेणाऱ्या वाहनमालकांची संख्या थोडीथोडकी नसावी.

आता तो अपवाद. मास्टरमध्ये एक सूक्ष्म छिद्र असते. पेडल सोडल्यावर दाबलेला द्रव त्यातून टाकीत परततो. छिद्रात गाळ बसला, किंवा पेडलच्या दांड्याची किंचितशी ढिलाई नाहीशी होऊन दट्ट्या ते छिद्र कायम झाकून बसला, तर दाब कोंडून राहतो आणि नवी प्लेटही घसरू लागते. घसरणाऱ्या गाडीच्या स्लेव्हचे निपल क्षणभर सैल करताच द्रवाची चिळकांडी उडून घसरणे थांबले, तर दोष मास्टरचा आहे, प्लेटचा नव्हे.

दुरुस्तीकडे वळताना द्रवाची निवड महत्त्वाची. बहुतेक गाड्यांत ब्रेकचेच डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ऑइल क्लचलाही चालते. नेमकी प्रत टाकीच्या टोपणावर लिहिलेली असते. हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. मुरबाड-शहापूरच्या पावसाळी हवेत अर्धवट वापरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवणे म्हणूनच फोल आहे. त्याच ओलाव्याने सिलिंडरच्या आतील भागाला गंज चढतो. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नये. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइलचा तर थेंबही नको. वायसर पेट्रोलने धुण्याची सवय काही कारागिरांनाही असते. त्या स्पर्शाने रबर फुगते आणि नवे किट काही दिवसांतच वाया जाते.

हवा काढण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना ठोकळे लावावेत. गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड हवेतच. टाकीतील जुना द्रव सिरिंजने उपसून नवा भरावा. स्लेव्हच्या निपलवर आधी रिंग पाना चढवावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडा स्वच्छ द्रव घेतलेल्या बाटलीत बुडवावे. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवलेले बरे, कारण ते तुटले तर सिलिंडरच बदलावा लागतो. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडावे. द्रव आणि बुडबुडे बाहेर आले, की निपल बंद करावे आणि त्यानंतरच पेडल सोडावे. हा क्रम उलटला, तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. पेडल तळाशीच राहिले, तर ते हाताने वर उचलावे. दर चार-पाच खेपांनी टाकी भरत राहावी; ती एकदा जरी कोरडी पडली, तरी सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

द्रव स्वच्छ आणि बुडबुड्यांविना येऊ लागला, पण पेडल नरमच राहिले, तर हवा बहुधा नळीच्या उंच वळणात अडकलेली असते. निपल उघडे ठेवून द्रव आपल्या वजनाने ठिबकू देणे, किंवा सिरिंजने खालून वर द्रव चढवणे, हे दोन उपाय अशा वेळी कामी येतात. खालून चढवताना टाकी ओसंडून बॉनेटखालच्या रंगावर द्रव सांडणार नाही, याकडे लक्ष हवे. सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे.

गळका स्लेव्ह बाहेरच्या बाजूस बसवलेला असेल, तर तो बदलणे अवघड नाही. बहुधा दोन बोल्ट आणि एक नळी, एवढेच काम असते. मात्र तो सुटा असताना कोणी पेडल दाबले, तर दट्ट्या बाहेर उडतो. नुसते रबरी किट घालावे की अख्खा सिलिंडर, हा वाद जुना आहे. सिलिंडरच्या आत बोट फिरवून खड्डे किंवा ओरखडे लागत असतील, तर किटवर केलेला खर्च व्यर्थ जातो आणि अख्खा सिलिंडर घेणेच शहाणपणाचे ठरते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, बेअरिंगला जोडून असतो. तेथे घरगुती प्रयत्नांना वाव नाही.

गाडी रस्त्यातच अडली, तर? बंद इंजिनात पहिला गिअर टाकून, समोरची जागा मोकळी असल्याची खात्री करून स्टार्टर फिरवल्यास अनेक गाड्या आचके देत सुरू होतात आणि सपाट, रिकाम्या रस्त्यावर त्याच गिअरमध्ये जवळच्या गावापर्यंत जाता येते. वैशाखऱ्याच्या पुढे मात्र हे धाडस करू नये. माळशेजच्या चढावर थांबावे लागले, तर अशी गाडी पुन्हा हलवणे चालकाच्या हाती राहत नाही. अशा वेळी टोकावडे किंवा मुरबाडकडे परत फिरणे श्रेयस्कर.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करून पेडल दाबावे, काही सेकंद थांबावे आणि मागचा गिअर टाकून पाहावा. तो आवाज न करता पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी आणि स्लेव्हखालची जमीन पुन्हा तपासावी. काढलेला जुना द्रव विषारी असतो. तो सरबताच्या बाटलीत भरून पडवीत ठेवू नये, विहिरीजवळ किंवा खाचरातही ओतू नये. घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवून तो वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावा.