सिंकोनाची साल आणि धातूचा विवेक

फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबात्ये आणि सांदेरां यांनी १८९७ साली निकेलच्या भुकटीवरून एथिलीन व हायड्रोजन हे वायू नेऊन त्यांचा संयोग घडवून आणला, तेव्हापासून सेंद्रिय रसायनाच्या प्रांतात उत्प्रेरक धातूंचा अंमल दृढ झाला. हा अंमल बलवान, पण तितकाच अविवेकी. जेथे जोडता येईल तेथे हायड्रोजन जोडीत जावयाचे, एवढेच धातूला ठाऊक. गंधकाचा लेशही त्याच्या पृष्ठभागास चिकटला की त्याची शक्ती क्षीण होई. म्हणून असल्या पदार्थांना शास्त्रज्ञांनी 'विष' ठरवून सक्त मज्जाव केला होता.

हा मज्जाव शिथिल करणाऱ्यांत कार्ल रोझेनमुंड हा जर्मन रसायनज्ञ अग्रणी होय. आम्ल-क्लोराइडापासून अल्डिहाइड मिळावे, परंतु क्रिया पुढे अल्कोहोलपर्यंत जाऊ नये, हा त्याचा १९१८ पासूनचा उद्योग. त्यासाठी १९२१ साली त्याने गंधक व क्विनोलीन एकत्र उकळून केलेले द्रव्य पॅलेडियमवर पहाऱ्यास बसविले. हे क्विनोलीन रसायनज्ञ गेरार याने १८४२ साली सिंकोनाच्या सालीतील द्रव्ये क्षारासह तापवून मिळविले होते; हिवतापावर आपण जे कडू कोयनेल घेत आलो, त्याच्या रेणूतही याचाच सांगाडा आहे.

पुढे बासल येथील हॉफमन-ला रोश कंपनीतील हर्बर्ट लिंडलार याने १९५२ साली आपला उत्प्रेरक प्रसिद्ध केला. कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलेडियम बसवावयाचे, शिशाच्या क्षाराने त्याला मंद करावयाचे आणि ऐन प्रयोगात क्विनोलीनचे थेंब टाकावयाचे. मग मापननळीतील हायड्रोजन प्रथम भराभर उतरतो आणि कार्बनच्या तिहेरी बंधाचा दुहेरी होताच त्याची गती मंदावते. तिहेरी बंध धातूला घट्ट बिलगतो, दुहेरीची पकड सैल. जागा क्विनोलीनने अडविल्यावर सैल पकडीच्या बंधास तेथे थारा मिळत नाही. जीवनसत्त्व 'अ'च्या निर्मितीस हाच संयम उपयोगी पडला.

१९७९ साली जपानमध्ये ओरितो यांनी पायरुव्हेटला हायड्रोजन जोडून लॅक्टेट करताना प्लॅटिनमवर सिंकोनाच्या त्याच सालीतील सिंकोनिडीन योजिले. या रेणूचा क्विनोलीनचा भाग धातूवर सपाट टेकतो, दुसरीकडील नायट्रोजन जवळ आलेल्या पायरुव्हेटला धरून त्याची एक विशिष्ट बाजू धातूकडे करतो, आणि डाव्या-उजव्या जुळ्या लॅक्टेटांपैकी एकच विपुल प्रमाणात निर्माण होते.

रसायनाच्या दप्तरी 'विष' हा शब्द अद्याप चालू आहे. परंतु ज्या मात्रेने धातूची शक्ती शाबूत राहून तिला विवेक येतो, त्या मात्रेस आपल्या वैद्यांनी औषध हेच नाव दिले असते.