सदतिसावे अक्षर: पाषाण, कोल्हापूर आणि ‘किऑप्स’

१/ कोथरूडहून वेताळ टेकडी ओलांडली की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. पेशीतील एका रेणूवरच्या इवल्याशा खुणेचा इतिहास या वास्तूतून जातो. खूण १९६९ मध्ये सापडली. ती उमटवणारे हात ओळखायला मात्र चार दशके लागली. हा धागा त्या शोधाचा.

२/ पेशी प्रथिने घडवताना जनुकीय संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचते. प्रत्येक त्रिकासाठी योग्य अमिनो आम्ल आणणारा दुभाषी म्हणजे ट्रान्सफर आरएनए. १९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांनी अशा एका रेणूचा अक्षरक्रम प्रथम उलगडला. त्यात नेहमीच्या चार अक्षरांखेरीज काही बदललेली अक्षरेही निघाली.

३/ १९६९ मध्ये गिरीश छेडा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बदललेले अक्षर ओळखले: ॲडेनिनला थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जोडलेले. नाव पडले टी-सिक्स-ए. त्याचे स्थान ३७ वे, संदेश वाचणाऱ्या त्रिकाला अगदी लागून.

४/ या जोडणीचे प्रयोजन काय? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाषाणला आर. तेवारी यांनी पुंजरसायनाच्या गणिताने या अक्षराची संभाव्य रूपे तपासली. थ्रिओनिनचा भाग ॲडेनिनच्या जोडी जमवणाऱ्या कडेकडे वळतो. ती कड अडली, की हे अक्षर शेजाऱ्यांशी भलती जोडी जमवत नाही आणि वाचनाचा फास खुला राहतो. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे यांच्या गटाने अशा अक्षरांचा अभ्यास चालू ठेवला.

५/ आणि कारागीर? २००६ मध्ये यीस्टमध्ये ‘किऑप्स’ हे प्रथिनसंकुल सापडले, पण गुणसूत्रांच्या टोकांच्या अभ्यासात. त्यातील एक घटक प्रथिने तोडणारा असावा, या तर्कावरून नावात ‘एंडोपेप्टिडेज’ शब्द आला. २०११ मध्ये उलगडले, की टी-सिक्स-ए घडण्यासाठी हे संकुल लागते. तोडणारा मानलेला तो घटक प्रत्यक्षात जोडणारा निघाला! नाव मात्र तसेच राहिले.

६/ काम दोन टप्प्यांत चालते. आधी एक वेगळे विकर थ्रिओनिन, बायकार्बोनेट आणि एटीपी यांपासून सक्रिय रेणू बनवते. मग किऑप्स तो ३७ व्या अक्षरावर बसवते. जिवाणूंत हेच काम निराळे संकुल करते.

७/ २०१७ मध्ये किऑप्सच्या जनुकांतील दोषांचा संबंध बालकांचे मूत्रपिंड आणि मेंदू बाधित करणाऱ्या गॅलोवे-मोवॅट विकाराशी जोडला गेला. पाषाणला ज्या अक्षराचे वळण कागदावर मोजले जात होते, त्याच्या घडणीवर एखाद्या बालकाचे आयुष्य अवलंबून असेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात अशा निरुपयोगी भासणाऱ्या मोजमापांची नोंद म्हणूनच ठेवायची असते.